काय केलासा, सायेब?

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या टोळक्यात ऑपरेशन न झालेला माणूस शोधावा लागेल. एकाच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, एकाचे दोन्ही गुडघे बदललेत, एकाचं प्रोस्टेट झालंय आणि मोतीबिंदू तर कुणी मोजतही नाही. शालिनी पॅलेसच्या बाजूला कट्ट्यावर टेकलं की या ऑपरेशनांची पारायणं सुरू होतात. भूल कशी दिली, शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा कोण दिसलं, बिल किती झालं, मेडिक्लेमनं त्यातलं किती कापलं. २०१७ साली सरकारनं स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. त्याच्या आदल्याच वर्षी अँजिओप्लास्टी झालेले एक निवृत्त मुख्याध्यापक अजूनही त्या फरकाचा हिशेब काढून हळहळतात. गुडघेवाले पँट वर करून टाक्यांची खूण दाखवतात.

या यादीत माझंही एक ऑपरेशन आहे. पोटावर पाच बारीक व्रण आहेत, आणि बराच काळ मी त्यांच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याचं ते ऑपरेशन. डॉक्टर त्याला बॅरिअॅट्रिक सर्जरी म्हणतात.

गप्प राहायचं हे ठरवून होतं. तारीख पक्की झाली त्या रात्री बायकोनं विचारलं, "अहो, लोकांना काय सांगायचं?" ऑपरेशनात काही बरंवाईट झालं तर काय, हा प्रश्नही तिच्या पोटात असणारच. पण ओठांवर आधी हा आला. मला त्याचं नवल वाटलं नाही, कारण माझ्याही डोक्यात तोच घोळत होता.

हृदयाचं दुखणं माणसाला होतं आणि वजन माणूस वाढवतो, अशी आपली पक्की समजूत आहे. त्यामुळं स्टेंट घातलेल्याच्या वाट्याला सहानुभूती येते आणि जठर कापून घेतलेला पळपुटा ठरतो. कट्ट्यावरच्या ज्यांच्या रक्तवाहिन्या तुंबल्या, त्यातल्या कित्येकांनी तंबाखूला उभ्या आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं. पण तो विषय तिथं कुणी काढत नाही, आणि काढूही नये. जाड माणसाच्या बाबतीत मात्र हा संकोच कुणाला नसतो. लिफ्टमध्ये शिरलं की विनोद, रिक्षात बसलं की विनोद. बारीक व्हायचं तर उपास करून, घाम गाळून, हाल सोसून व्हावं. मधेच भूल घेऊन टेबलावर आडवं होणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं, असा एकूण न्याय.

तसं कोल्हापुरात अंगानं भरलेल्या माणसाला मान आहे. तालमींचं गाव. सहकारी बँकेतला अधिकारी खुर्चीत कसा भरून दिसला पाहिजे, अशी लोकांचीही अपेक्षा असते. ती मी पुरेपूर पुरी केली होती. पण सव्वाशे किलोच्या पुढं गेल्यावर हे भारदस्तपण झेपेना. साखर गोळ्यांना दाद देईना. रात्री झोपेत श्वास अडकायचा, म्हणून नाकावर मास्क लावून झोपावं लागायचं, आणि तरीही दुपारी कर्जाची फाइल वाचता वाचता डोळा लागायचा. डाएटं सगळी झाली. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे.

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग दुर्बिणीतून कापून बाहेर काढतात. उरतं ते केळ्याएवढं नळकांडं. साहजिकच जेवण थोडक्यात आटपतं. शिवाय कापून टाकलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं, भूक चेतवणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होत असतं. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं. डाएट करून वजन उतरवलं की शरीर या घ्रेलिनचं प्रमाण वाढवतं आणि माणसाला पुन्हा जुन्या वजनाकडं ओढत नेतं. 'मनावर घेतलं की होतंय' म्हणणाऱ्यांना या ओढीची कल्पना नसते. हे ऑपरेशन म्हणजे कालपरवाची टूमही नव्हे. लठ्ठपणावरची गॅस्ट्रिक बायपास अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केली. आपल्याकडं विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०१९ साली त्याचे निकष घालून दिले. बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याच्या वर हवा. नाहीतर किमान ३५ आणि जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास. माझ्या फाइलीत यातली दोन दुखणी होती. म्हणजे हे ऑपरेशन हौसेचं नाही, एवढं विम्याच्या कागदावर तरी मान्य झालं. कट्ट्यावर मान्य व्हायचं होतं.

रजेच्या अर्जात मी 'पोटाची शस्त्रक्रिया' असं लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. शाखेत सगळ्यांनी हर्निया धरला. मी कुणाला सुधारायला गेलो नाही.

अवघड होतं ते आईला सांगणं. मुलाच्या ताटात वाढण्यात जिचा जन्म गेला, तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? न सांगून भागणारही नव्हतं. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आत काय सडलंय-बिडलंय का?"

"नाही."

"मग कापायचं कशाला?"

या प्रश्नाला घ्रेलिन हे उत्तर नव्हतं. मी रात्रीच्या श्वासाची गोष्ट काढली. ती पलीकडच्या खोलीत झोपते. मधेच घोरणं थांबतं आणि पुढचा श्वास येईपर्यंत आपण अंथरुणात उठून बसते, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. मग म्हणाली, "कर."

ऑपरेशननंतर सुरुवातीला नुसते पातळ पदार्थ. दवाखान्यातून तीस मिलिलिटरचा प्लास्टिकचा इवलासा कप दिला होता, औषधाच्या बाटलीवर असतो तसला. त्यातून घोट घोट घ्यायचं. डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. पाणीही तसंच. आई घड्याळ समोर ठेवून बसायची. कप भरायची, मी तो दहा मिनिटांत संपवायचो, मग पुढचा. ज्या बाईनं मला परातीत जेवताना पाहिलं होतं, ती कपाच्या रेघेपर्यंत ताक मोजून ओतत होती, आणि रेघेच्या वर थेंब गेला तर परत काढत होती.

लोकांना काय सांगायचं, याचं उत्तरही तिनंच काढलं. शेजारच्या काकी डोकावल्या, कप पाहिला आणि विचारू लागल्या, तशी आई म्हणाली, "पथ्य हाय त्याला." काकींनी मान डोलावली आणि पावसाचं बोलू लागल्या. आपल्याकडं कुणाचा आग्रह मोडला तर त्याला अपमान वाटतो. डाएट सांगितलं तर समोरचा दुप्पट चेवानं वाढतो. पथ्यापुढं मात्र पातेलं मागं जातं. कशाचं पथ्य, कुणी सांगितलं, किती दिवसांचं, हे विचारणं रीतीला धरून नाही. पुढं मी हे दोन शब्द कितीतरी पंगतींत वापरले.

पण अंग उतरू लागल्यावर पथ्य पुरेना. बाईचं वजन उतरलं तर तिला कौतुकानं गुपित विचारतात. पुरुषाचं उतरलं की आधी शंका येते. "काय केलासा, सायेब? निम्मंच राहिलासा की!" इथून सुरुवात. कुणी विचारलं, दीक्षित केलासा काय? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा आणि पंचावन्न मिनिटांत जेवायचा मंत्र आमच्या कट्ट्यालाही पाठ आहे. मी म्हणायचो, "खाणं कमी केलं." तेही खरंच होतं. त्यावर समाधान न झालेल्यांनी आपापली उत्तरं तयार केली. एका गटाचं म्हणणं साखर फार वाढलीय. दुसऱ्या गटाची खात्री की बँकेत कर्जाचं काहीतरी प्रकरण निघालंय, चौकशी लागलीय आणि साहेबांनी हाय खाल्लीय. तिसरा गट माझ्यासमोर काहीच बोलायचा नाही, नुसता डोळ्यांत पाणी आणून बघायचा.

हा तिसरा गट काय समजून चालला होता, ते एका जावळात कळलं. पन्हाळ्याकडं चुलतभावाच्या नातवाचं जावळ होतं. मांडवात पंगती, तांबडा-पांढरा, सुकं मटण, वाढपी बादल्या घेऊन फिरताहेत. मी वाटीभर पांढरा रस्सा घेतला, मटणाचे दोन तुकडे आणि भाकरीचा चतकोर. एकेक घास चावून चावून पार पीठ करायचा, मग गिळायचा. गिळल्यावर थांबायचं. जेवताना पाणी नाही. नळकांडं भरलं की छातीच्या हाडाखाली एक दाब येतो. तो आल्यावर आणखी एक घास घेतला तर तोंडाला फेस सुटतो आणि उठून जावं लागतं, म्हणून तो यायच्या आधीच हात धुवायचा. माझ्या डाव्या-उजव्या हाताची माणसं तिसऱ्यांदा रस्सा मागत होती तेव्हा मी उठलो.

मांडवाच्या कडेला आत्यानं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातली, हाताला अजून शेतातली पकड. गोठ्याच्या बाजूला नेलं आणि एकदम गळा काढला. "मला खरं सांग. कॅन्सर न्हाई न्हवं?"

तिला मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, जेवढं तिला कळेल तेवढं. ती ऐकत गेली, रडं थांबलं आणि संतापली. "आन् हे आधी सांगायचं न्हाई व्हय? मी जोतिबाला नवस बोललीया तुझ्यासाठी!" थोडा वेळ विचार करून निकाल दिला, "देवाला गुण यायचा त्यो आला. फेडायला तूच यायचंस." गेलो. गुलालानं शर्ट माखून परत आलो.

आपण गप्प बसलो तरी लोक गप्प बसत नाहीत, आणि आपल्या खासगीपणाचं व्याज भलतंच माणूस भरत असतं, हे मला गोठ्याजवळ कळलं. तरी सगळ्यांना सांगत सुटावं असंही वाटेना. मोठ्या माणसांनी काय केलं ते आठवून पाहिलं. नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं; ते जगजाहीर आहे आणि त्यांचं काही बिघडलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३ च्या फेब्रुवारीत जठरावर पट्टा बसवून घेतला, तोही दवाखान्यात खोटं नाव लावून. मे महिन्यात ते फुटलं, तेव्हा हा माझा खासगी मामला आहे म्हणाले. तिथल्याच टीव्हीवरच्या स्टार जोन्स यांनी २००३ साली बायपास केली आणि २००७ साली एका मासिकात लिहून ती मान्य केली. मधली चार वर्षं लोक विचारत राहिले. या सगळ्यांना निवड तरी होती. २०१७ साली इजिप्तहून मुंबईला आणलेल्या इमान अहमदला तीही नव्हती. तिला क्रेननं उचलून दवाखान्यात नेताना साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं, तिच्या वजनाचे आकडे रोज बातम्यांत सांगितले गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अबू धाबीत ती गेली. जाड शरीर ही सार्वजनिक मालमत्ता समजली जाते, ती या टोकाला जाते. ते आठवलं की आपलं झाकून ठेवायचा हक्क मला लहान वाटत नाही.

मग एके दिवशी मुख्य कार्यालयात प्रशिक्षणाला आलेला एक तरुण क्लार्क पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभा दिसला. तिशीच्या आतला, अंगानं माझ्या जुन्या मापाचा. इकडंतिकडं पाहून म्हणाला, "सर, चारचौघांत विचारलं नाही. तुम्ही सगळ्यांना सांगता, खाणं कमी केलं. मी पण कमी केलंय हो. रात्रीची भाकरी सोडून दोन वर्षं झाली. मग माझं का उतरत नाही?"

कट्ट्यावर ज्या वाक्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं, ते या पोरानं घरी नेऊन स्वतःवर आरोपपत्र म्हणून लावून घेतलं होतं. साहेबांना जमलं, मला जमत नाही. म्हणजे खोट माझ्यातच. जन्मभर जे मला ऐकवलं गेलं, तेच आता माझ्या तोंडून त्याच्यापर्यंत पोचत होतं.

त्याला गाडीत बसवून सगळं सांगितलं. चांगलं आणि वाईट, दोन्ही. की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठ मूठ केस गळतात. की बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्माच्या, रक्ताच्या तपासण्याही जन्माच्या. की दंडाची, पोटाची कातडी लोंबते. की काही जणांचं थोडं वजन काही वर्षांनी परत चढतं, तेव्हा खाण्यावर लक्ष कायमच ठेवायचं. की साखर आटोक्यात आली, मास्क सुटला, दुपारची झोप गेली. की तुला हे लागेलच असं नाही, डॉक्टर ठरवतील. त्यानं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "केस परत येतात ना सर?" लग्नाचं बघत होते त्याचं. म्हटलं, येतात.

कुणाला सांगू नकोस, असं त्याला म्हणालो नाही. त्यामुळं महिन्याभरात बातमी फिरून रंकाळ्यावर पोचली. एकानं "सोपा रस्ता काढलासा" म्हणून टोमणा मारला. मुख्याध्यापकांनी बिल विचारलं आणि मेडिक्लेमनं किती कापलं तेही. पुढच्या आठवड्यात ऊसदराचं आंदोलन पेटलं आणि माझं जठर मागं पडलं. ज्याची इतकी धास्ती घेतली, त्याला लोकांच्या लेखी जेमतेम आठवड्याची किंमत होती.

प्रत्येकाला हे इतकं स्वस्तात पडेल असं मात्र मी म्हणणार नाही. लग्नाच्या मुलीला अशा बातमीची फार जबर किंमत मोजावी लागू शकते. तिनं नात्यागोत्यात अवाक्षर काढू नये. ज्याच्याशी संसार करायचा त्याला मात्र सांगावं, कारण ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात आणि पुढंही गोळ्या-तपासण्या चुकवता येत नाहीत. डॉक्टरांपासून तर हे कुणीच लपवू नये. दाढ काढायला गेलं तरी सांगावं. साध्या वाटणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या अशा पोटाला, विशेषतः बायपास झालेल्याला, व्रण पाडू शकतात. भूलतज्ज्ञ, एंडोस्कोपी करणारा, रात्री-अपरात्री तपासणारा इमर्जन्सीतला डॉक्टर, सगळ्यांना आधी हे ठाऊक हवं. बाकी कुणाचा त्यावर हक्क नाही. हक्क नसताना ज्यांना ते कळायला हवं, अशी दोनच प्रकारची माणसं मला भेटली: जी आपल्या काळजीनं झुरतात ती, आणि जी आपल्याकडं बघून स्वतःला दोष देतात ती. पहिल्यांना सांगितलं नाही तर ती नवस बोलतात. दुसऱ्यांना सांगितलं नाही तर ती स्वतःचा तिरस्कार करू लागतात. उरलेल्यांसाठी 'पथ्य आहे' पुरतं.

आता हा प्रश्न माझ्यासारख्या थोड्यांचा राहिलेला नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये विगोव्ही ही आठवड्याला टोचायची इंजेक्शनं भारतात आली. फ्रिजमध्ये इन्सुलिनशेजारी ठेवलेलं पेन पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून भाजीच्या कप्प्यात सरकवणारी घरं माझ्या माहितीत आहेत. यापुढं कुणीही चार किलोनं उतरला की लोक डोळा मारून विचारणार, सुई का सुरी?

तेव्हा वाचकहो, एवढं करा. कुणी उतरलेला दिसला तर 'काय केलंस' विचारू नका. 'बरा आहेस ना' विचारा आणि तो जे सांगेल तेवढ्यावर थांबा. आणि तुम्हीच ऑपरेशन करून उतरला असाल, तर खुशाल गप्प राहा, पण कुणी जाड माणूस एकटा गाठून विचारू लागला, तर त्याला 'रोज चालतो' म्हणून सांगू नका. त्याला खरं सांगा.